थांबता न येणारं पाणी

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोट चालवायला शिकायचं तर एक दुपार पुरते. बोट भाड्याने देणारा माणूस टिलर (सुकाणूचा दांडा) कसा धरायचा, इंजिन कसं चालू-बंद करायचं, पाण्याची टाकी कुठे भरायची हे तासाभरात सांगतो, बहुतेकदा पहिल्या लॉकपर्यंत सोबत येतो आणि तिथे उतरून परत जातो. पुढे आठवडाभर बोट तुमची. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे काठावरून चालणारा माणूस सहज बरोबरीने येतो. समोरून दुसरी बोट आली, पुलाखालचं वळण नीट दिसलं नाही, काही गोंधळ झाला, तर इंजिन रिव्हर्समध्ये टाकायचं, थांबायचं आणि मग विचार करायचा. काठ हाताशी असतो आणि पाणी बहुतेक ठिकाणी कमरेएवढं. कालव्यावरच्या जवळजवळ प्रत्येक अडचणीवर थांबणं हा उतारा आहे.

तो उतारा जिथे लागू पडत नाही, तिथून हे पुस्तक सुरू होतं. भरती-ओहोटीच्या नदीत इंजिन न्यूट्रलला टाकलं तरी बोट थांबत नाही, ती पाण्याबरोबर निघते. काठ म्हणजे उभी दगडी भिंत नाहीतर गुडघाभर चिखल. आणि प्रवासाच्या शेवटी ज्या दारातून आत शिरायचं, ते लॉकचं दार प्रवाहाला काटकोनात, रुंदीला मोजकं आणि दिवसातल्या ठरावीक वेळीच उघडणारं असतं. नव्या माणसाला भीती वाटते ती या दाराची. पण त्या दारापाशी जे घडतं ते बहुतांशी आधीच ठरलेलं असतं: आपण कधी निघालो, कुणाला विचारून निघालो आणि प्रवाहाकडे तोंड करून आलो की पाठ, यावर. पुढच्या सगळ्या प्रकरणांचं सार एवढंच आहे. या प्रस्तावनेत त्यामागची कारणं मांडतो.

मुळात कालव्याच्या बोटीने अशा पाण्यात जायचंच कशाला? कारण ब्रिटनचं जलमार्गांचं जाळं सलग नाही. ते नद्यांनी जोडलेलं आहे आणि त्यांतल्या काही नद्यांच्या खालच्या भागात समुद्राचं पाणी चढतं-उतरतं. टेम्स नदी टेडिंग्टनच्या खाली भरतीची आहे, ट्रेंट नदी क्रॉमवेल लॉकच्या खाली, यॉर्कशायरची ऊझ नेबर्नच्या खाली. लंडनच्या लाइमहाउसहून ब्रेंटफर्डला नदीने गेलं की रीजंट्स कालव्यापासून ग्रँड युनियनपर्यंतची प्रदक्षिणा पुरी होते. उत्तरेतला लँकेस्टर कालवा दोनशेहून अधिक वर्षं बाकीच्या जाळ्यापासून तुटलेला होता. २००२ मध्ये रिबल नदीच्या भरतीच्या पट्ट्यातून वाट काढून तो जोडला गेला. पूर्वेकडच्या फेन्सच्या सखल प्रदेशात सॉल्टर्स लोड आणि डेन्व्हर या दोन लॉकांमधलं अंतर जेमतेम अर्धा मैल, पण तो अर्धा मैल भरतीचा. मिडल लेव्हलच्या शांत पाण्यातून ग्रेट ऊझच्या शांत पाण्यात जायचं तर तेवढा पट्टा पार करण्यावाचून गत्यंतर नाही. ज्याला सगळा देश बोटीने फिरायचा आहे, त्याला कधी ना कधी या पाण्याशी गाठ घ्यावीच लागते.

अडचण अशी, की नॅरोबोट या पाण्यासाठी जन्मलीच नाही. जेम्स ब्रिंडलीने अठराव्या शतकात मिडलंड्सचे कालवे आखले तेव्हा पाणी आणि पैसा वाचवण्यासाठी लॉकची रुंदी सुमारे ७ फूट ठेवली. १७७७ मध्ये पुरा झालेला ट्रेंट अँड मर्सी कालवा हा त्यातला मोठा नमुना. त्या मापात बसावी म्हणून बोट ७ फुटांहून किंचित अरुंद आणि ७० फुटांपर्यंत लांब झाली. तळ सपाट, बूड पाण्यात जेमतेम दोन फूट, कडा पाण्यापासून फारशा उंच नाहीत. घोड्याने ओढायला, बोगद्यातून न्यायला हा आकार उत्तम. वारा आणि लाटा असलेल्या रुंद पाण्यात मात्र तो अवघडतो. म्हणूनच नद्यांवर वेगळी जात होती: हंबरवर कील, सेव्हर्नवर ट्रो, टेम्सवर लायटर. कालव्याच्या तोंडाशी माल एका बोटीतून दुसरीत चढायचा आणि कालव्याची बोट मागे फिरायची. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला हा धंदा आटत गेला. एल. टी. सी. रोल्ट यांचं 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ मध्ये आलं आणि १९४६ मध्ये रोल्ट व रॉबर्ट एकमन यांच्या पुढाकाराने इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली. कालवे वाचले ते सहलीसाठी आणि राहण्यासाठी. मालाच्या जागी पलंग, चूल आणि पुस्तकांचं कपाट आलं. बोटीचा आकार मात्र तोच राहिला आणि तिला आता तिच्या पूर्वजांनी टाळलेल्या पाण्यातही जायचं असतं.

आता पाण्याविषयी. भरतीचं चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचं. त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. त्याला ठाऊक असलेली आणखी एक गोष्ट तिथेही खरी आहे: एका ठिकाणी उधाणाची भरती घड्याळाच्या ठरावीक वेळीच येते. मुंबईत पावसाळ्यात मोठ्या भरतीचे इशारे दुपारी बारा-एकच्या आसपासचे असतात. लंडन ब्रिजला तीच वेळ दोन-तीनच्या सुमाराची. म्हणजे तिथे उधाणाच्या दिवसात निघण्या-पोचण्याची वेळ आपल्या सोयीने ठरवता येत नाही. पाण्याच्या चढ-उताराचा आवाकाही पाहा. मुंबईला मोठी भरती पाच मीटरांच्या घरात जाते. लंडन ब्रिजला उधाणाला पाणी सात मीटरांपर्यंत चढतं-उतरतं. सेव्हर्नच्या मुखाशी एव्हनमथला हा फरक १४ मीटरांपर्यंत जातो आणि जगातल्या सर्वांत मोठ्या भरतींमध्ये त्याची गणना होते.

नदीत शिरलेली भरती मात्र समुद्रकिनाऱ्यावरच्या भरतीसारखी वागत नाही. पात्र जसं उथळ आणि अरुंद होत जातं तशी चढती लाट पुढून उभी होते आणि मागून लांबते. म्हणून ट्रेंटवर भरती जेमतेम अडीच-तीन तासांत उरकते आणि ओहोटी नऊ-साडेनऊ तास चालते. मोठ्या उधाणाला या नदीत पाण्याची भिंतच वर चालून येते. तिला तिथले लोक 'एगर' म्हणतात आणि गेन्सबरोपर्यंत ती पाहायला माणसं काठावर जमतात. वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला असेल तर हिशेब आणखी बदलतो. उतरतं पाणी भरतीला अडवून धरतं, भरती उशिरा येते, कमी चढते आणि ओहोटी दुप्पट जोराने ओढते. भरतीच्या तक्त्यात पाऊस छापलेला नसतो. म्हणून तक्ता पाहून झाल्यावरही लॉक-कीपरला फोन करावा लागतो.

याच लाटेचा एक फायदाही आहे. भरती नदीतून वर सरकते आणि तिच्याबरोबर वर जाणारी बोटही सरकते. त्यामुळे वर जाणाऱ्याला भरतीचा धक्का काठावर उभ्या असलेल्या माणसाला दिसतो त्याहून जास्त वेळ मिळतो. ट्रेंटवरच्या कीडबीहून भरतीच्या सुरुवातीला निघालेली नॅरोबोट एका दमात टॉर्क्सीपर्यंतचे पंचवीसेक मैल कापते ते या जोरावर. खाली जाणाऱ्याचं उलट. त्याला कुठेतरी समोरून येणारी भरती गाठतेच.

लॉकचं काम सर्वांना माहीत आहे: दोन दारं, मधे हौद, पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली न्यायची. भरतीच्या नदीवरच्या लॉकमध्ये दोन गोष्टी वेगळ्या असतात. पहिली दारांची. साध्या लॉकची दारं वरच्या पाण्याच्या दाबाने मिटलेली राहतात, कारण कालव्याचं पाणी कायम उंच असतं. पण नदीच भरतीने कालव्याहून उंच चढली तर हीच दारं ढकलली जाऊन उघडतील. म्हणून कीडबीला दोन्ही दिशांना तोंड केलेल्या दारांच्या जोड्या आहेत. दुसरी गोष्ट उंबरठ्याची. दारं ज्या पक्क्या उंबरठ्यावर टेकतात त्यावर ओहोटीला बोट तरंगण्याइतकं पाणी उरत नाही. ब्रेंटफर्डच्या टेम्स लॉकमधून भरतीच्या आधी दोन तास ते नंतर दोन तास एवढ्याच अवधीत ये-जा होते. वेळ चुकली तर दार बंद, खाली चिखल, आणि रात्र बाहेर नदीत.

आणि आता ज्याची सगळ्यांना धास्ती, तो प्रवेश. समजा ५७ फुटांची बोट वाहत्या नदीतून काटकोनात वळून लॉकच्या तोंडात शिरते आहे. पुढचं टोक भिंतींच्या आड स्थिर पाण्यात पोचलं, पण मागचे चाळीस फूट अजून प्रवाहात आहेत. पुढे धक्का नाही, मागे ताशी तीन मैलांचा रेटा. बोट फिरणारच. मागचं टोक प्रवाहाबरोबर वाहतं, पुढचं भिंतीच्या कोपऱ्यावर आपटतं, आणि पंधरा-वीस टनांची पोलादी बोट लॉकच्या तोंडाशी आडवी अडकते. आत शिरताना जे होतं तेच बाहेर पडताना उलट्या क्रमाने होतं. टोक प्रवाहात गेलं की नदी ते ओढून नेते आणि मागचा भाग भिंतीला घासतो. बोट जितकी लांब तितका हा पेच मोठा.

त्यावरची युक्ती जुनी आहे: प्रवाहाकडे तोंड करायचं. ओहोटीबरोबर खाली येत असाल तर लॉकच्या बऱ्याच आधी बोट वळवा, कारण वळता वळता ती बरंच अंतर सहज खाली वाहून जाते. एकदा तोंड प्रवाहाकडे झालं की इंजिनाचा वेग प्रवाहाएवढा ठेवायचा. बोट पाण्यातून पुढे चाललेली असते, पण काठाच्या हिशेबाने जागच्या जागी उभी राहते. भरतीच्या नदीत नांगराशिवाय थांबण्याचा हा एकच मार्ग आणि तो इंजिन चालू ठेवूनच साधतो. मग पुढचं टोक किंचित काठाकडे वळवलं की पाण्याचा रेटाच बोटीला आडवं सरकवत काठाजवळ नेतो. नदी ओलांडणारा तरीवाला होडीचं नाक वरच्या अंगाला ठेवतो तो याच कारणाने. लॉकच्या तोंडाच्या थोडं वर आलात, की वरच्या अंगाच्या भिंतीवर नेम धरायचा आणि इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा. नेम भिंतीवर असला तरी नदी तुम्हाला खाली सरकवत मधोमध आणते. आत शिरल्यावर तितक्याच जोराने रिव्हर्स. इथे नव्या माणसाचा हात कचरतो. कालव्यावर हळू जाणं म्हणजे सभ्यपणा अशी सवय झालेली असते, आणि अर्धवट जोराने शिरणारी बोटच सर्वाधिक आपटते.

आतल्या भिंती ओल्या आणि शेवाळलेल्या, वरून साखळ्या किंवा दोर लोंबलेले. दोर खुंट्याभोवती किंवा साखळीमागून एकदा फिरवायचा आणि टोक हातात ठेवायचं. गाठ मारायची नाही. पाणी उतरताना गाठ मारलेली बोट दोराला लटकते.

क्रूझरवाल्याला यातलं काही सोपं, काही अवघड. फायबरची क्रूझर हलकी, आखूड, तळाला आकार असलेली. तिचं इंजिन प्रवाहाला सहज मात देतं आणि वळायला जागा कमी लागते. पण ती वाऱ्याने भरकटते आणि भिंतीवर आपटली तर पोलादासारखी नुसता रंग गमावून सुटत नाही. नॅरोबोटीच्या इंजिनाचं पाणी बहुधा बोटीच्या कवचाला लागून असलेल्या बंद टाकीतच फिरून थंड होतं. अनेक क्रूझर मात्र बाहेरचं पाणी आत ओढतात, आणि गढूळ नदीतला गाळ किंवा गवत त्या वाटेत अडकलं की इंजिन तापतं. नॅरोबोटीचा शत्रू तिच्याच डिझेलच्या टाकीत असतो. वर्षानुवर्षं शांत पाण्यात हिंडलेल्या बोटीच्या टाकीच्या तळाशी गाळ आणि पाणी साचलेलं असतं. कालव्यावर ते निमूट पडून राहतं. नदीच्या लाटांनी ते ढवळलं जातं, फिल्टरमध्ये जातं, आणि इंजिन नेमकं जिथे थांबता येत नाही तिथे बंद पडतं. त्यामुळे या प्रवासाची तयारी महिनाभर आधी टाकी साफ करण्यापासून आणि फिल्टर बदलण्यापासून सुरू होते.

टेम्सवर या सगळ्याला शहराची गर्दी जोडली जाते. लाइमहाउसचं लॉक आधी नोंदवावं लागतं, किमान एक दिवस. तिथून भरतीबरोबर वर निघायचं, साधारण लंडन ब्रिजच्या भरतीआधी अडीच-तीन तास, म्हणजे तासाभराने उशिरा भरती होणाऱ्या ब्रेंटफर्डला वेळेत पोचता येतं. टॉवर ब्रिज ते वेस्टमिन्स्टर हा पट्टा सगळ्यांत खवळलेला. वेगाने जाणाऱ्या प्रवासी क्लिपर बोटींच्या लाटा दोन्ही बाजूंच्या उभ्या तटबंदीवर आपटून परत येतात आणि एकमेकींत मिसळतात. पूर्वी इथे उतरते चिखलाचे काठ होते, ते लाटा गिळत. एकोणिसाव्या शतकात जोसेफ बॅझलगेट यांनी सांडपाण्याच्या योजनेबरोबर नदीकाठ बांधून काढला, त्याने शहर सुधारलं आणि नदी अरुंद व उसळती झाली. वेस्टमिन्स्टरपलीकडे हळूहळू शांतता येते, पटनीपुढे वल्ह्यांच्या बोटी भेटतात, आणि रिचमंडला १८९४ साली बांधलेला अर्ध्या भरतीचा बांध लागतो. ओहोटीला टेडिंग्टनपर्यंतच्या पट्ट्यात पाणी टिकून राहावं म्हणून तो आहे.

या नदीवर पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचे नियम चालतात. ४५ फुटांहून लांब बोटीला साधारणपणे व्हीएचएफ रेडिओ लागतो, आणि १४ क्रमांकाच्या वाहिनीवर लंडनच्या जलवाहतूक नियंत्रकाकडे कान ठेवावा लागतो. पुलाची एखादी कमान बंद असेल तर तीन लाल तबकड्या किंवा दिवे त्रिकोणात टांगलेले दिसतात. दुरुस्तीमुळे उंची कमी झाली असेल तर दिवसा गवताची पेंढी टांगतात. हा जुना नियम अजून पाळला जातो. २०२३ मध्ये मिलेनियम ब्रिजचं काम निघालं तेव्हा काचेच्या इमारतींच्या शेजारी अशी पेंढी लोंबत होती. नियम कडक आहेत त्यामागे किंमत मोजलेली आहे. २० ऑगस्ट १९८९ च्या पहाटे 'मार्शनेस' ही सहलीची बोट वाळू उपसणाऱ्या 'बोबेल' या जहाजाखाली सापडली आणि ५१ माणसं गेली. त्यानंतरच्या चौकशांतून नदीवर बचाव बोटी असाव्यात हे ठरलं आणि २००२ मध्ये ग्रेव्हझेंड, टॉवर, चिझिक व टेडिंग्टन इथे आरएनएलआय या बचाव-बोट संस्थेची केंद्रं सुरू झाली.

ट्रेंटवर गर्दी नाही, एकटेपणा आहे. उंच पूरबांधांच्या मधून मैलोनमैल तपकिरी पाणी, काठावर बांधायला जागा नाही, मोबाइलला कधी रेंज नाही. वळणाच्या आतल्या बाजूने जवळचा रस्ता काढू पाहणारी बोट रेतीच्या उंचवट्यावर चढते. पाणी उतरतं असेल तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच मुक्काम. भरतीचं पाणी चढत असताना रुतलेली बोट आपोआप सुटते, म्हणूनही भरतीबरोबर वर जाणं शहाणपणाचं. नवशिक्याने वळणाच्या बाहेरच्या अंगाने, खोल पाण्यातून जावं आणि नदीचा नकाशा मांडीवर ठेवावा. वेस्ट स्टॉकविथ आणि कीडबी इथले लॉक-कीपर तुम्हाला निघण्याची वेळ सांगतील, ती पहाटे पाचची असली तरी घ्यावी.

सेव्हर्नवर तर वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊच नये. शार्पनेसहून पोर्टिसहेड किंवा ब्रिस्टलला जाणाऱ्या नॅरोबोटी अनुभवी पायलट घेऊन जातात, आणि हवामान मनासारखं नसेल तर पायलट दिवसेंदिवस थांबवून ठेवतो. का, ते २५ ऑक्टोबर १९६० च्या रात्रीने दाखवलं. दाट धुक्यात भरतीबरोबर आलेल्या 'आर्केंडेल एच' आणि 'वॉस्टडेल एच' या दोन तेलवाहू बोटी शार्पनेसच्या गोदीच्या तोंडाशी आल्या. दार हुकलं. वाहत्या पाण्याने त्यांना वर ओढून नेलं, त्या एकमेकींना चिकटल्या आणि सेव्हर्नच्या रेल्वेपुलाच्या खांबावर आदळल्या. पुलाचे दोन गाळे कोसळले, तेलाने पेट घेतला, आठपैकी पाच खलाशी मेले. ही माणसं रोज त्या पाण्यातून जाणारी होती, त्यांची इंजिनं आपल्या बोटींहून कितीतरी ताकदवान होती. १८७९ मध्ये खुला झालेला तो पूल पुन्हा बांधलाच नाही, काही वर्षांनी पाडून टाकला. लॉकचं दार हुकलं तर पुढे काय, हा प्रश्न निघण्याआधी विचारायचा असतो. प्रत्येक प्रकरणात आम्ही दाराबरोबर दुसरा आसराही दिला आहे तो त्यासाठी.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटू नये. बाणकोटच्या खाडीतून सावित्रीने महाडपर्यंत, दाभोळच्या खाडीतून वाशिष्ठीने गोवळकोटपर्यंत गलबतं आणि पडाव भरती धरून आत जात आणि ओहोटी धरून बाहेर पडत. तांडेलाचा दिवस तिथीने ठरायचा. लॉकही आपल्याकडे आहे. मुंबई बंदरातल्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्यांमध्ये जहाजांची ये-जा भरतीच्या वेळेतच व्हायची. १९१४ मध्ये सुरू झालेल्या अलेक्झांड्रा गोदीला, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीला, प्रवेशाचं लॉक दिलं आणि कोणत्याही भरती-ओहोटीला जहाज आत घेणं शक्य झालं. फरक एवढाच, की मुंबईत हे काम बंदराचे पायलट आणि टग करतात. इंग्लंडच्या नदीवर टिलर धरलेला गृहस्थ आदल्या दिवसापर्यंत ऑफिसात बसलेला असतो.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या, सुट्टीत बोट भाड्याने घेणाऱ्या किंवा स्वतःची घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींना एक गोष्ट आधीच सांगतो. भाड्याच्या बहुतेक बोटींना भरतीच्या पाण्यात जायची परवानगी नसते. करार वाचा आणि कर्मचाऱ्याच्या तोंडी होकारावर विसंबू नका. स्वतःची बोट असेल तर विम्यातही या पाण्याचा उल्लेख आहे का ते पाहा. बाकी सामान थोडं आहे, पण त्यात तडजोड नाही. बोटीवरच्या प्रत्येकाने घातलेलं, कपाटात ठेवलेलं नव्हे, असं लाइफ जॅकेट. बोटीच्या वजनाला साजेसा नांगर, साखळी आणि दोरासह, बोटीला बांधून तयार ठेवलेला, कारण इंजिन बंद पडलं तर थांबण्याचं एवढंच साधन उरतं. पुढच्या डेकची पाणी शिरण्याजोगी छिद्रं झाकलेली. पूर्ण चार्ज केलेला मोबाइल, रेडिओ आणि तो वापरता येणारं माणूस. शक्य असेल तर दुसऱ्या बोटीची सोबत.

पुढच्या प्रकरणांत नदीवार माहिती आहे. ती वाचायचा क्रम मात्र छापील क्रमाच्या उलटा ठेवा: जिथे पोचायचं तिथल्या लॉकपासून सुरुवात करा, ते कधी उघडं असतं ते पाहा, तिथून मागे मोजत निघण्याच्या वेळेवर या. ती वेळ जमत नसेल तर त्या दिवशी जाऊ नका. लॉकांच्या वेळा, दूरध्वनी, पाण्याची खोली बदलत असते, आणि छापलेलं कोणतंही पुस्तक त्याबाबतीत जुनं होतं, हेही धरून चाला. क्रॉमवेल, सेल्बी, कीडबी, लाइमहाउस, डेन्व्हर, कुठेही जा, तिथला लॉक-कीपर त्या पाण्याला रोज पाहतो. त्याने सांगितलेली वेळ आणि या पुस्तकातली वेळ यांत फरक पडला, तर त्याचं ऐका आणि पुस्तक मिटून ठेवा.